ऊन चढलं की मान टाकणारा बोर्ड

(दृश्य : सांगोल्याजवळची डाळिंबाची बाग. ठिबकच्या नळ्या. खांबावर सौर पॅनेल, त्याखाली राखाडी डबा.)

या डब्यात आमचा बोर्ड आहे, तळहाताएवढा. मुळाशी ओल किती ते पाहायचं आणि त्याप्रमाणे ठिबकचे व्हॉल्व्ह उघडायचे, एवढं त्याचं काम. मेंदू म्हणून ईएसपी३२ ही चिप. वीज १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीची, आणि ती भरायला वरचं पॅनेल. पुण्यात टेबलावर हा बोर्ड आठवडाभर एकदाही अडखळला नव्हता. इथे बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी बागवाल्या काकांचा फोन आला.

"सकाळच्याला बरं चालतंय बघा. ऊन चढलं की मान टाकतंय. दिवस कलला की पुन्हा उठतंय."

सगळं निदान या तीन वाक्यांत होतं. आम्ही मात्र दोन दिवस प्रोग्रॅममधली चूक शोधत बसलो.

(दृश्य : टेबल. बोर्डावर टेकलेलं बोट झटकन मागे येतं.)

शेवटी बोर्ड परत आणला, १२ व्होल्ट जोडले आणि एकेका चिपवर बोट टेकवत गेलो. १२ व्होल्टचे ३.३ करून देणाऱ्या रेग्युलेटरवर, एएमएस १११७ या चिपवर, बोट क्षणभरही टिकेना. साधारण साठ अंशांच्या पुढे बोट आपोआप मागे येतं.

मग थर्मल कॅमेरा लावला. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. चिपचं काळं प्लास्टिक कॅमेऱ्याला जवळजवळ खरं तापमान दाखवतं, पण चकचकीत सोल्डर आरशासारखं वागतं आणि चटका बसेल इतकं तापलेलं असूनही थंड दिसतं. अशा जागी आधी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, मगच आकडा वाचायचा.

चिपच खराब असेल म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवी आणून बसवली. तीही तितकीच तापली. तेव्हा कुठे कागद-पेन्सिल हातात घेतली.

(दृश्य : वहीत आकडेमोड.)

हा रेग्युलेटर वरचे व्होल्ट उष्णता करून टाकून देतो. १२ मधून ३.३ गेले, उरले ८.७. आमचा बोर्ड सरासरी १५० मिलीअँपिअर घेतो. गुणाकार केला की १.३ वॅट. बोर्डावर उष्णता पसरवणारं तांबं तुटपुंजं असेल, तर ही चिप प्रत्येक वॅटमागे ९० अंशांच्या आसपास तापते. म्हणजे खोलीतल्या ३० अंशांवर आणखी ११७. मर्यादा १२५ ची, आणि आम्ही टेबलावरच १४७ वर होतो! तरीही ती चालत होती, म्हणून आम्हाला कळलं नाही.

मग बागेत काय वेगळं होतं? ऊन. पण ऊन नुसता डबा तापवत नाही. भर दुपारी पॅनेल जोरात चार्जिंग करतं आणि १२ व्होल्टची म्हणवणारी बॅटरी १४.४ पर्यंत चढते. तेवढ्यानेच १.३ चे १.६७ वॅट होतात. वर बंद डब्यातली ४५-५० अंशांची हवा. हिशेब २०० च्या घरात जातो. तिथवर पोचण्याआधीच चिप स्वतःला वाचवायला बंद पडते, निवली की पुन्हा चालू होते. काका म्हणाले होते, अगदी तसंच.

खात्री करायला डबा बंद केला, हेअर ड्रायरने आतली हवा तापवली, सप्लाय १४.४ वर नेला. काही मिनिटांत बोर्डाने मान टाकली. मग सप्लाय ५ व्होल्टवर आणला, तर चिप चालूच राहिली.

पहिला उपाय सुचला तो तांबं वाढवण्याचा. रेग्युलेटरची रुंद पट्टी थेट ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडायची, कारण ७८०५ या जुन्या रेग्युलेटरची सवय : त्याची पट्टी ग्राउंडच असते. नव्या बोर्डाची ऑर्डर देण्याआधी चिपचं डेटाशीट, म्हणजे माहितीपत्रक, पुन्हा उघडलं म्हणून वाचलो. १११७ ची पट्टी आउटपुटला जोडलेली असते. तो बोर्ड आला असता, तर ३.३ व्होल्ट सरळ ग्राउंडला शॉर्ट! आणि पट्टी योग्य जागी जोडून तापण्याचं प्रमाण निम्मं केलं असतं, तरी बंद डब्यात चिप १२५ च्या काठावरच राहिली असती.

म्हणून रेग्युलेटरच बदलला. आता तिथे बक कन्व्हर्टर आहे. तो व्होल्ट जाळत नाही. सेकंदाला लाखो वेळा स्विच उघड-बंद करतो आणि कॉइलच्या मदतीने हवी तेवढीच वीज पुढे देतो. अर्धा वॅट देताना वाया जातं ते ०.१ वॅटच्या आसपास. त्याच्या पोटाखालचा पॅड नीट सोल्डर केला आणि बारीक व्हायांची, म्हणजे बोर्डाच्या आरपार जाणाऱ्या तांब्याच्या छिद्रांची, जाळी करून उष्णता मागच्या तांब्यात उतरवली. इनपुटचा कपॅसिटर चिपला अगदी खेटून ठेवला. इथे तांब्याचा ट्रॅक लांबला की विजेतला गोंगाट वाढतो.

(दृश्य : पुन्हा बाग. मे महिना, दुपारचे दोन. डबा उघडा.)

मल्टिमीटरवर १४.४. काकांनी न विचारताच चिपवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बोलत राहिले.

"पलीकडच्या पट्ट्यालाबी एक बसवा की मग."