काळ्या मातीवरची परेड

[मैदान. सकाळ. फक्कीने आखलेल्या रेषा.]

बालाघाटच्या पठारावर, बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी हे विद्यालय आहे. शाळेची घंटा व्हायला अजून बराच अवकाश आहे, तरी मैदानावर फक्कीच्या रेषा आखून झाल्या आहेत. आठवी-नववीत शिकणारी ही मुले-मुली राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनसीसीच्या, कनिष्ठ विभागातील कॅडेट आहेत.

मैदान काळ्या मातीचे आहे. पावसाळ्यात ही माती बुटाला अशी धरून बसते की चार पावलांत बूट उचलणे कठीण होते, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्यामुळे परेडची तयारी येथे फावडे आणि घमेले घेऊन सुरू होते. भेगा मुरुमाने बुजवल्या जातात, त्यावर पाणी शिंपडून जमीन दाबली जाते; मार्च उजाडला की पाण्याचा हा भाग वगळावा लागतो.

[जवळून : बकल, बेरेट, बूट.]

खाकी गणवेशाचा भत्ता कॅडेटला छात्रसेनेकडून मिळतो, गणवेशाची निगा मात्र ज्याची त्याने राखायची असते. पट्ट्याचे पितळी बकल ब्रासो लावून घासले जाते. बुटाला पॉलिश करून ओल्या कापडाने गोल गोल फिरवत चकाकी आणली जाते. बेरेटवरचा लाल तुरा, ज्याला ही मुले हॅकल म्हणतात, सरळ उभा राहिला पाहिजे, आणि मुलींचे केस जाळीत घट्ट बांधलेले असले पाहिजेत. तपासणीत बोट फिरते ते नेमके बकलाच्या मागच्या बाजूवर, हे नववीतल्यांना ठाऊक असते. आठवीतल्यांना ते पहिल्या तपासणीनंतर कळते.

[रांगा. आज्ञा.]

आज्ञा हिंदीत दिल्या जातात आणि त्यांचे दोन भाग असतात. ‘दाहिने’ हा इशारा लांबवून द्यायचा, क्षणभर थांबायचे आणि मग ‘मुड’ तोडून टाकायचा. बटालियनकडून आलेले हवालदार, ज्यांना कॅडेट उस्ताद म्हणून हाक मारतात, सर्वाधिक वेळ या मधल्या क्षणावर खर्च करतात, कारण इशारा कानी पडताच वळून मोकळे होणारे चार-दोन जण प्रत्येक रांगेत असतातच. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंजांमध्ये ३० अंशांचा कोन हवा. विश्राममध्ये डावा पाय १२ इंच बाजूला जातो. तेज चालीत पाऊल ३० इंचांचे पडले पाहिजे, आणि मिनिटाला अशी १२० पावले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या पायांना हे माप सहज पेलणारे नाही. पहिले काही आठवडे रांगेचे एक टोक पुढे धावते आणि दुसरे मागे रेंगाळते.

आज्ञा देणारी ही सार्जंट नववीत शिकते. तिचे आईवडील ऊसतोडीच्या हंगामात कोयत्यावर जातात आणि ती आजीजवळ राहते. नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी एनसीसी दिन साजरा होतो, तेव्हा तिच्या वस्तीतील बहुतेक दारांना कुलूप असते. त्या दिवशीच्या संचलनाची ही दृश्ये आहेत. मंडपात बसलेल्यांमध्ये आजी-आजोबांची संख्या अधिक आहे.

[१७ सप्टेंबर. ध्वजवंदन.]

मराठवाड्यातील कॅडेटांना वर्षात एक ध्वजवंदन अधिकचे असते, आणि त्यामागे छात्रसेनेच्या जन्मवर्षाशी जोडलेला एक योगायोग आहे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. त्या जुलैमध्ये हा भाग मात्र निजामाच्या राजवटीत होता. पुढे सप्टेंबरमध्ये पोलीस कारवाई झाली आणि १७ तारखेला हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करली. देशात छात्रसेनेच्या पहिल्या तुकड्या उभ्या राहत होत्या, तेव्हा येथील तरुण रझाकारांशी झुंजत होते. मुलींसाठी स्वतंत्र विभाग १९४९ मध्ये सुरू झाला, आणि आज या मैदानावरील सर्वांत खणखणीत आवाज मुलींचे आहेत, हे आमच्या ध्वनिमुद्रकानेही आवर्जून सांगितले.

[वर्गखोली. फळ्यावर नकाशा.]

परेडनंतर अल्पोपहार होतो आणि मग नकाशावाचन, प्रथमोपचार, रायफलचे भाग यांचे तास होतात. हे सारे सांभाळणारे शिक्षक एरवी भूगोल शिकवतात. कामठीच्या प्रशिक्षण अकादमीतून तयार होऊन आल्यावर त्यांच्या खांद्यावर अधिकाऱ्याचे चिन्ह आले, तरी दहावीचे जादा तास काही चुकलेले नाहीत. वार्षिक शिबिर दहा दिवसांचे असते आणि तेथे पॉइंट टू-टू (.२२) रायफलने नेमबाजीही होते.

दोन वर्षे पूर्ण करून, शिबिर आणि परीक्षा पार पाडल्यावर ‘ए’ प्रमाणपत्र मिळते. सैन्यभरतीत मोठा लाभ होतो तो महाविद्यालयात मिळणाऱ्या ‘सी’ प्रमाणपत्राचा, आणि तिथवर यांतील काही जण पोहोचतात. काहींचे शिक्षण दहावीनंतर थांबते, काही मुलींची लग्ने लवकर होतात.

[नोंदणीचा दिवस. धावणारी मुले.]

२०२० च्या स्वातंत्र्यदिनी सीमेवरील आणि किनाऱ्यावरील जिल्ह्यांसाठी एक लाख नव्या कॅडेटांची घोषणा झाली. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांना ना समुद्र आहे, ना देशाची सीमा. येथे आठवीच्या मुलांची धाव, उंची आणि वैद्यकीय तपासणी घेऊन निवड करावी लागते, कारण उभे राहणारे अधिक आणि जागा कमी अशी दरवर्षीची स्थिती आहे. परिसरातील आणखी दोन शाळांनी स्वतःच्या ट्रूपसाठी, म्हणजे छात्रसेनेच्या शालेय तुकडीसाठी, अर्ज केले आहेत. त्यांच्याकडे मैदान आहे, प्रशिक्षणाला जाण्यास तयार असलेले शिक्षक आहेत आणि मुलांच्या नावांची यादीही तयार आहे. मंजुरी यायची आहे.