कारखाने शहराबाहेर कसे सरकतात

दुसऱ्या मजल्यावरचा हा गाळा बघा. लेथ भिंतीला खेटून, ड्रिलिंग मशीन दाराशी, तयार माल जिन्यात. ऑर्डर वाढल्या की आधी जागा अपुरी पडते. नवं मशीन आणावं तर स्लॅबला वजन पेलेल का, ही धास्ती. आणि 40 फुटी कंटेनर या गल्लीत वळतच नाही. एका टोकाने कच्चा माल आत, दुसऱ्या टोकाने तयार माल बाहेर, अशी मांडणी करायला तळमजल्यावर लांबलचक शेड हवी. शहराच्या मध्यात तेवढी जमीन परवडत नाही.

विकसनशील देशांतल्या शहरांत कारखाना हलतो तो बहुधा यासाठी, पण फार लांब जात नाही. कारागिरांना रोज येता यावं, पुरवठादार हाताशी असावा, ट्रकचा रस्ता जवळ असावा. ब्राझीलमधल्या साओ पाउलोहून सांतोस बंदराकडे जाणारा आंशिएता महामार्ग 1947 मध्ये खुला झाला. 1950 च्या दशकात मोटारींचे कारखाने त्याच रस्त्यावरच्या साओ बर्नार्दोत उभे राहिले.

कडेला रोजगार वाढला म्हणजे सगळे कारखाने मध्यातून उठून गेले, असं मात्र नाही. हिशेब चार खात्यांत मांडावा लागतो: नवे निघालेले, बंद पडलेले, जागा बदललेले आणि आहेत तिथेच वाढलेले. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदवह्या ताडून पाहताना घोटाळे होतात ते इथेच. मालकाने नाव बदललं की एकच कारखाना एकदा ‘बंद’ आणि एकदा ‘नवा’ मोजला जातो. नोंदणी मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर असेल, तर बाहेरच्या शेडमधले कामगारही शहराच्या मध्यातच दिसतात.

कधी सरकारच कारखाने बाहेर हलवतं. दक्षिण कोरियाची राजधानी सोल हिच्याभोवती 1971 मध्ये हरित पट्टा, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेली जमीन, आखला गेला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात राजधानीतले कारखाने हलवण्यासाठी पट्ट्यापलीकडे बानवोल, म्हणजे आजचं आन्सान, वसवायला घेतलं.

अशा सरकारी औद्योगिक वसाहतींत लहान उद्योजक सहसा अडखळतो. वीज भरवशाची नाही म्हणून जनरेटर, नळ नाही म्हणून बोअरवेल. मोठ्या कारखान्याचा हा खर्च हजारो नगांवर विभागला जातो. पाच कामगारांच्या वर्कशॉपला तो झेपत नाही. शिवाय उधारीवर सुटे भाग देणारा दुकानदार आणि तासाभरात बेअरिंग बदलून देणारा मेकॅनिक जुन्या गल्लीतच राहिलेला असतो. त्यामुळे भूखंड विकले जातात, पण शेडना कुलूपच. आणि रात्री शिफ्ट सुटल्यावर परतीची बस नसेल, तर दुसऱ्या पाळीला माणसंच मिळत नाहीत.