एका पीडीएफमागचं लटांबर

(दृश्य: शाळेची संगणक खोली. भिंतीला लागून सहा संगणक. खिडकीच्या गजाला टेकवून ठेवलेला मोबाइल.)

आर्वीहून तळेगावकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं, की कपाशी आणि तुरीच्या मधोमध एक गाव लागतं. त्या गावातली ही जिल्हा परिषदेची शाळा. खोलीतले सहाही संगणक नागपूरच्या एका ऑफिसातून बाद होऊन आलेले, दोन-दोन जीबी रॅमचे. विंडोज त्यांच्यावर रांगायचं, म्हणून सरांनी सगळ्यांवर डेबियन 12 हे लिनक्स टाकलं आणि डेस्कटॉप म्हणून एलएक्सडीई. तोही पूर्ण नाही, नुसता गाभा. इंटरनेट म्हणाल तर सरांचा मोबाइल. रेंज खिडकीतच येते, म्हणून तो तिथे. पॅक दिवसाला दीड जीबीचा.

आजचं काम अगदी साधं आहे. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ मुलांना पडद्यावर दाखवायची. गाभाच तेवढा टाकल्यामुळे या मशीनवर पीडीएफ वाचायला वेगळं काही नाही. फायरफॉक्समध्ये ती उघडते, पण पानं पुढे सरकता सरकत नाहीत. सरांनी ओक्युलर या पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅमचं नाव ऐकलं होतं. मजकुरावर पिवळी खूण करता येते, कडेला टीप लिहिता येते. त्यांनी ते बसवायची कमांड दिली.

(दृश्य: काळी टर्मिनल. नावांच्या ओळी वर सरकतात.)

नवीन बसणाऱ्या पॅकेजांची, म्हणजे बसवायला बांधून ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, यादी सुरू झाली. बहुतेकांची सुरुवात 'लिब'नं, पुढे कुठे 'केएफ5', कुठे 'क्यूटी5'. पडदा भरला, वर सरकला, परत भरला. शेवटी नेहमीचा प्रश्न: एवढे एमबी उतरवायचे आहेत, डिस्कवर एवढी जागा जाईल, पुढे जायचं का? मागून सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, आपुन तं एकच मांगतलं न? मंग हे एवढं काऊन येऊन रायलं?"

"थांब, पाहू आपण," सर म्हणाले आणि त्यांनी 'एन', म्हणजे 'नाही', दाबलं.

पोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सोपं आहे. कुठलाही प्रोग्रॅम सगळं स्वतः करत नाही. खिडकी उघडणं, बटण काढणं, अक्षरं जुळवणं, चित्र उलगडणं ही कामं तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररींकडून करून घेतो. गावात थ्रेशर एक असतो आणि सोयाबीन सगळ्यांचं निघतं, तसंच हे. लायब्ररी मशीनवर एकदाच बसते आणि दहा प्रोग्रॅम ती वापरतात. त्यामुळे जागा वाचते, आणि लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली तर दुरुस्ती एकाच जागी करावी लागते. कोणाला काय लागतं हे डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं. 'डिपेंड्स' म्हणजे याच्याशिवाय चालणार नाही. 'रिकमेंड्स' म्हणजे सहसा सोबत असावंच. 'सजेस्ट्स' म्हणजे वाटलं तर घ्या. पॅकेज प्रत्यक्ष बसवतो तो डीपीकेजी. पण एखादी लायब्ररी नसली, तर तो तक्रार करून थांबतो, आणायला जात नाही. आणायला जाते ती ॲप्ट. ती 1999 साली डेबियन 2.1 सोबत आली. ॲप्ट एकाची गरज पाहते, त्या गरजेची गरज पाहते, आणि शेवटच्या टोकापर्यंत जाऊन सगळं लटांबर घेऊन येते.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त रंजक आहे.

पीडीएफ उलगडण्याचं खरं काम ओक्युलर करतच नाही. ते पॉपलर नावाची लायब्ररी करते. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपवाल्यांचा पीडीएफ वाचक आहे एव्हिन्स. तोही पॉपलरच वापरतो. पुस्तक तेच, पानं तीच, ती उलगडणारं यंत्रही तेच. मग एकाच्या मागे एवढी वरात आणि दुसऱ्याच्या मागे थोडकी, असं का? कारण दोघांनी खिडक्या आणि बटणं वेगवेगळ्या टूलकिटांकडून, म्हणजे खिडक्या-बटणांच्या लायब्ररींच्या घराण्यांकडून, घेतली. एव्हिन्सनं जीटीकेकडून, ओक्युलरनं क्यूटीकडून. त्यात ओक्युलर पडलं केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचं, म्हणून क्यूटीवर बांधलेल्या केडीई फ्रेमवर्क्सच्या लायब्ररीही ते ओढतं. त्या लायब्ररी एकूण 70 हून जास्त आहेत. सगळ्या लागत नाहीत, पण लागतात त्याही कमी नाहीत.

(दृश्य: दोन खिडक्या शेजारी शेजारी. दोन्हींत पुस्तकाचं तेच पान.)

ही दोन घराणी झाली कशी? अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी चित्रं दुरुस्त करायचा प्रोग्रॅम लिहीत होते. तोच पुढे गिंप म्हणून ओळखला गेला. सुरुवातीला त्यांनी खिडक्यांसाठी मोटिफ नावाचं टूलकिट वापरलं. मोटिफ विकतचं होतं. मग त्यांनी स्वतःचंच टूलकिट लिहिलं, ते जीटीके. इकडे नॉर्वेत ट्रोलटेक कंपनीनं 1995 साली क्यूटी बाहेर आणलं. 1996 च्या ऑक्टोबरात मथियास एट्रिश यांनी लिनक्सला धड डेस्कटॉप हवा म्हणून केडीई सुरू केलं आणि त्यासाठी क्यूटी निवडलं. क्यूटी तांत्रिकदृष्ट्या उजवं होतंच. अडचण परवान्याची होती. कोड बघता यायचा, पण तो मुक्त, म्हणजे बदलून वाटता येईल असा, नव्हता. ज्यांना हे पटलं नाही, त्यांच्यातल्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी 1997 च्या ऑगस्टमध्ये ग्नोमची घोषणा केली. ग्नोमनं जीटीके घेतलं. 2000 साली क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं आणि भांडणाचं कारण संपलं. पण तोवर दोन्हीकडे इतकं बांधून झालं होतं, की परत एकत्र येणं कोणालाच परवडणारं नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्या या खिडकीतून आज जो डेटा जाणार आहे, तो त्या भांडणाचाही हिशोब आहे.

आता भांडण संपलं असलं, तरी घर बदलणारे बरेच आहेत. व्हिडिओ दाखवणाऱ्या व्हीएलसीनं 2008 मध्ये क्यूटी घेतलं. नेटवर्कवरची ये-जा तपासणारं वायरशार्क 2015 मध्ये जीटीकेवरून क्यूटीवर गेलं. सगळ्यात गमतीची गोष्ट या खोलीतच आहे. हे सहा संगणक ज्या एलएक्सडीईवर चालतात, तो जीटीके-2 वर बांधलेला. त्याचे मूळ कर्ते, तैवानचे होंग जेन यी, स्वतःच 2013 मध्ये क्यूटीकडे वळले आणि त्यातून एलएक्सक्यूटी झालं. म्हणजे घर बांधणारा शेजारी राहायला गेला आणि सर अजून जुन्या घरात. त्यात सरांचं काही बिघडलं नाही. जुनं घर दोन जीबीत मावतं.

सामान्य माणसानं प्रोग्रॅम निवडताना टूलकिट बघावं का? मोठ्या शहरात, तारेच्या इंटरनेटवर, सोळा जीबी रॅम घेऊन बसलेल्यानं बघू नये. त्याला काडीचाही फरक पडत नाही. इथे पडतो. डिस्कवरच्या जागेचं सोडा. एका वेळी एक जीटीकेची आणि एक क्यूटीची खिडकी उघडी असली, तर दोन्ही घराण्यांच्या लायब्ररी रॅममध्ये चढतात आणि दोन जीबीच्या मशीनला ते जाणवतं. पीडीएफ मागे ठेवून फायरफॉक्स पुढे घेतलं, की रॅम अपुरी पडून डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो.

सरांनी मग नीट काम हाती घेतलं. ॲप्टला 'नुसतं करून दाखव' असं सांगायचा पर्याय आहे. त्यात काही उतरत नाही, काही बसत नाही, फक्त काय झालं असतं ते दिसतं. वहीत एकेक नाव लिहून त्यांनी पाहणी केली. पहिला एट्रिल. मेट डेस्कटॉपचा, 'हलका' म्हणून सगळीकडे नावाजलेला. त्याच्या मागे चक्क वेबकिट निघालं. वेबकिट म्हणजे अख्खं ब्राउझर इंजिन, आणि एट्रिलला ते कशाला तर ई-पब पुस्तकं उघडायला. हलका म्हणून ख्याती झाली, की पुढे कोणी वजन करत नाही. मग एव्हिन्स. त्याची यादी आखूड निघाली. कारण मशीनवर फायरफॉक्स आधीच आहे, आणि लिनक्सवरचं फायरफॉक्स जीटीके-3 वापरतं. म्हणजे एव्हिन्सला लागणारं बरंचसं घरात होतं. कोणीही 'हा प्रोग्रॅम एवढ्या एमबीचा' असं सांगितलं, तर आधी विचारावं की कोणाच्या मशीनवर.

लिबरऑफिसनं या बाबतीत शहाणपणा केला आहे. त्याचा खिडक्यांचा थर स्वतःचा आहे आणि घराण्याशी जोडणारे तुकडे वेगळ्या पॅकेजात ठेवलेत. जीटीके-3 चा वेगळा, क्यूटीचा वेगळा. जे घर असेल त्याचा तुकडा घ्या.

(दृश्य: कळफलकावर मुलीची बोटं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटतात.)

काटकसरीचाही फटका बसतो. रिकमेंड्समधली पॅकेजं न घेण्याचा पर्याय ॲप्टला देता येतो. 2009 च्या डेबियन 5 पासून ती आपोआप येतात, म्हणून डेटा वाचवणारे हा पर्याय हमखास लावतात. सरांनीही मराठी टायपिंगसाठी आयबस बसवताना तो लावला होता. आज त्या पोरीनं फायरफॉक्समध्ये 'वऱ्हाड' लिहायला घेतलं, तर मराठी निवडूनही अक्षरं इंग्रजीच येत राहिली. आयबस होता, मराठीची कळमांडणी होती. नव्हता तो आयबस आणि जीटीके-3 यांना जोडणारा तुकडा. तो वेगळ्या पॅकेजात असतो आणि आयबसच्या रिकमेंड्समध्ये मोडतो. क्यूटी-5 मात्र हा जोड पोटातच घेऊन येतं. तेवढं छोटं पॅकेज उतरलं, पोरीनं बाहेर पडून परत लॉगिन केलं, आणि वऱ्हाडमधला तो अर्धा र, ह च्या आधी बरोबर बसला. अक्षरं जुळवण्याचं काम दोन्ही घराण्यांत आता हार्फबझ ही एकच लायब्ररी करते, त्यामुळे मराठी दिसण्यात उजवं-डावं राहिलेलं नाही. रिकमेंड्स सरसकट टाळू नयेत, यादी वाचून टाळावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. मराठीत लिहिणाऱ्याला जे लागतं, ते त्या यादीतच असू शकतं.

एवढं सगळं एकाच घराण्यात बसवल्यावर लहान पोट्ट्यांनी जीकॉम्प्री मागितलं. खेळता खेळता आकडे, अक्षरं, माऊस शिकवणारा हा संच. तो एके काळी जीटीकेवर होता. 2014 पासून क्यूटीच्याच क्यूटी क्विक या भागावर नव्यानं लिहायला घेतला. त्यामुळे क्यूटी येणारच. सर हसले, "घ्या, आलं शेवटी." पण एकदा क्यूटी आलं, की पुढच्या क्यूटीवाल्या प्रोग्रॅमची यादी तितकीच आखूड होते. अडचण दुसरीच निघाली. क्यूटी क्विकला चित्रं काढायला ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक चिपकडून काम करून घ्यायची सोय, लागतं आणि ही ग्राफिक चिप जुनी. खेळातली माशी अडखळत उडत होती. चिपऐवजी सॉफ्टवेअरनं चित्रं काढायचं वळण लावल्यावर बरी चालली. मंद, पण चालली. पोट्ट्यांची काही तक्रार नाही.

सहा मशीनवर तेच तेच सहा वेळा उतरवायचं म्हटलं, तर पॅकचं दिवाळं निघेल. म्हणून एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवलं आहे. बाकीची पाच मशीनं पॅकेज त्याच्याकडे मागतात. एकानं उतरवलेलं तो जपून ठेवतो आणि दुसऱ्याला खोलीतल्याच केबलवरून देतो. मोबाइलवर भार एकदाच. जिथे खिडकीतही रेंज नाही, तिथे ॲप्ट-ऑफलाइन आहे. रितेश राज सराफ या भारतीय डेबियन विकासकानं ते लिहिलं. बिनइंटरनेटच्या मशीनवर काय काय हवं त्याची फाइल तयार होते, ती पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याला जायचं, तिथल्या मशीनवर पॅकेजं उतरवायची आणि परत येऊन बसवायची. फ्लॅटपॅक ही प्रोग्रॅम बसवायची वेगळी पद्धत इथे सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यात प्रोग्रॅम आपला आधार वेगळ्या रनटाइममधून, म्हणजे लायब्ररींच्या तयार गठ्ठ्यातून, घेतो, डेबियनच्या लायब्ररीशी भांडण होत नाही. खरं आहे. पण तो रनटाइम पहिल्यांदा शेकडो एमबीचा येतो आणि ग्नोमचा वेगळा, केडीईचा वेगळा. दीड जीबीच्या पॅकवाल्याला आम्ही तो सुचवणार नाही.

(दृश्य: सर दोन संगणकांचे झाकण उघडून आत पाहतात.)

सहापैकी दोन मशीनं 32-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरची, आहेत. डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आलं आणि त्यात 32-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. या दोघांवर डेबियन 12 च ठेवायचं, पीडीएफ आणि टायपिंग एवढंच काम त्यांना द्यायचं आणि जीकॉम्प्री बाकी चौघांवर चालवायचं, असं सरांनी ठरवलं आहे. कोणत्या मशीनवर काय आहे, त्याचे कागद पोरीनं लिहून डब्यांवर चिकटवलेत. एकावर "क्यूटी नोका टाकू" असं लिहिलंय.