हिमालयातील हिवाळ्याचा अंदाज ऐकताना

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबर उजाडला की भारतीय हवामानशास्त्र विभाग फेब्रुवारीपर्यंतच्या तापमानाचा अंदाज जाहीर करतो आणि वर्ष सरता सरता उत्तर भारतातील जानेवारी ते मार्चच्या पर्जन्यमानाचाही, म्हणजे पाऊस आणि बर्फ मिळून पडणाऱ्या पाण्याचा. ‘पर्जन्यमान सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता’ असे एखादे वाक्य बातम्यांतून कानावर पडते आणि काश्मीरची तिकिटे काढून बसलेले कुटुंब विचारते, मग आम्हांला बर्फ मिळणार की नाही? या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नसते. ते का नसते, याविषयी आज बोलायचे आहे.

पश्चिम हिमालयातील हिवाळी बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातांमुळे. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणाऱ्या या प्रणाली हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकलेल्या जेट प्रवाहाबरोबर, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्याबरोबर, इराण आणि अफगाणिस्तान ओलांडत पूर्वेकडे येतात, वाटेत अरबी समुद्रावरूनही बाष्प ओढून घेतात आणि हिमालयाला अडून वर चढताना ते तेथेच रिते करतात. महिन्याकाठी असे साधारण चार ते सहा झंझावात येतात. मात्र त्यांतले कित्येक नुसते आभाळ दाखवून निघून जातात. लडाखपासून उत्तर प्रदेशापर्यंतच्या सात हवामान उपविभागांत मिळून जानेवारी ते मार्च या काळात सरासरी सुमारे १८४ मिलिमीटर पर्जन्य होते, आणि यातला मोठा वाटा मोजक्याच दमदार झंझावातांचा असतो. त्यांतला एखादा जरी चुकला, तरी मोसमाचा हिशेब कोलमडतो.

तीन महिन्यांच्या अंदाजाला कोणता झंझावात कोणत्या तारखेला येईल हे सांगता येत नाही. तो सांगतो ती केवळ शक्यता. जुन्या नोंदींनुसार वर्षांचे कमी, सरासरीइतके आणि जास्त पर्जन्याचे असे तीन सारखे गट पाडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३३ टक्के येतात. प्रशांत महासागराच्या स्थितीवरून त्यांतले एखादे पारडे ४५ टक्क्यांपर्यंत झुकले, तर अंदाजाची भाषा बदलते. पण उरलेले ५५ टक्के कुठे जात नाहीत, आणि नेमके तेच बातमीत वगळले जाते.

एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा उबदार असलेल्या हिवाळ्यात पश्चिम हिमालयात पर्जन्य अधिक होण्याकडे कल असतो, हे दीर्घकाळच्या नोंदींतून दिसते. २०२३-२४ चा हिवाळा एल निनोचाच होता. तरीही २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी वाळलेले पिवळे गवत दिसत होते, आणि तेही ‘चिल्लई कलान’मध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या त्या चाळीस दिवसांत, ज्यांना काश्मिरी माणूस हिवाळ्याचा गाभा मानतो. अखेर महिना संपता संपता झंझावात आले आणि फेब्रुवारीत गुलमर्ग पुन्हा पांढरे झाले.

डोंगराळ भागात याहून अवघड गोष्ट असते ती उंचीची. हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटरवर आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, म्हणजे दोहोंत जवळपास सात अंशांचे अंतर. एकाच झंझावातात श्रीनगरच्या रस्त्यावर चार अंशांत पावसाची रिपरिप चालू असेल, तर वर उणे तीन अंशांत हिमवर्षाव होत असतो. दोन्हीकडे पर्जन्यमापकात जमा होणारे पाणी सारखे असू शकते. मात्र एकीकडे ते गटारातून वाहून जाते आणि दुसरीकडे उन्हाळ्यापर्यंत साठून राहते. म्हणून तापमानाचा अंदाज एका अंशाने जरी वरचा असला, तरी हिमरेषा, म्हणजे पाऊस आणि बर्फ यांच्यातली सीमा, दीडशे मीटर वर सरकू शकते.

उंचीबरोबर गारवा वाढण्याचा हा नियमही नेहमी पाळला जात नाही, हे जाता जाता सांगतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जड, गार हवा उतारावरून घसरत दरीत साचते, आणि मग वरच्या गावापेक्षा खालच्या शहरात पारा अधिक उतरतो. कोरड्या थंडीत दल सरोवराच्या कडा गोठतात आणि सकाळी नळाखाली शेकोटी पेटवून पाणी मोकळे करावे लागते, ते या साचलेल्या हवेमुळे. तेव्हा ‘कडाक्याची थंडी’ म्हणजे ‘भरपूर बर्फ’ हे समीकरण आपण सोडून दिलेले बरे. खोऱ्यात पुष्कळदा ते उलटेच असते.

बर्फ उशिरा पडला, तर बेरीज भरून निघते. पण शेतकऱ्याचे आणि रस्त्यावरच्या कामगाराचे गणित भरून निघतेच असे नाही. सफरचंदाच्या पारंपरिक जातींना सात अंशांखालच्या थंडीचे हजाराहून अधिक तास लागतात आणि ते मार्चमध्ये उसने मिळत नाहीत. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातील माणा गावाजवळ हिमस्खलनात सीमावर्ती रस्त्यांवर काम करणारे कामगार सापडले आणि त्यांतल्या आठ जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही मोसम संपत आलेला होता आणि जोरदार हिमवर्षाव सुरू होता.

म्हणून सहलीला निघणाऱ्यांनी मोसमी अंदाज ऐकावा तो खिशातली रक्कम अडकवण्यापूर्वी, आणि निघायच्या आठवड्यात मात्र पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज व त्यातला इशाऱ्याचा रंग पाहावा; नारिंगी असेल तर घाटातला प्रवास एक दिवस पुढे ढकलण्याची तयारी ठेवावी. फेब्रुवारीचा स्वतंत्र अंदाज जानेवारीच्या अखेरीस येतो, तोवर डिसेंबरचे वाक्य जुने झालेले असते. नमस्कार.