उजवीकडचा रकाना

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली. सकाळचे सात. यंत्रमागांचा खडखडाट. पॅथॉलॉजी लॅबचं अर्धवट वर केलेलं शटर.)

निवेदन:

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी सातला रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं भेटतात. झोपून उठलेली आणि झोपायला निघालेली. टॉवेल-चादरींच्या कारखान्यातली रात्रपाळी सुटते. अंगात त्राण नाही म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलेलं असतं, चिठ्ठी खिशात असते, मग कामगार घरी जाण्याआधी तसाच लॅबमध्ये शिरतो. 'उपाशीपोटी या' एवढं त्याला बजावलेलं असतं. रात्री झोपला होतात का, हे सहसा कुणी विचारत नाही.

थायरॉईडच्या तपासणीत ते विचारायला हवं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती टीएसएच नावाचं हार्मोन सोडते आणि गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड कमी पडली की टीएसएच वाढतं. हे टीएसएच दिवसभर एकसारखं नसतं. रात्री ते चढतं, दुपारपर्यंत उतरतं. झोप लागली की रात्रीचा चढ थोडा दबतो. जागरण झालं तर दबत नाही. म्हणजे रात्रभर मागावर उभा असलेला माणूस आणि रात्रभर घोरलेला माणूस, दोघांची थायरॉईड तितकीच धडधाकट असली, तरी सकाळच्या रक्तात आकडे वेगळे येऊ शकतात.

कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचं याहून अवघड. ते पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळ गाठतं. म्हणून कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याच्या आजाराची, शंका असली की डॉक्टर रात्री उशिराची लाळ तपासतात. पण रात्रपाळी करणाऱ्यांच्या बाबतीत या तपासणीवर विसंबू नका, असं तज्ज्ञच सांगतात.

रिपोर्ट मात्र सगळ्यांना सारखाच छापून मिळतो. डावीकडे तपासणीचं नाव, मध्ये तुमचा आकडा, उजवीकडे नॉर्मलची मर्यादा. टीएसएचसाठी बहुतेक ठिकाणी ती 0.4 पासून 4 किंवा 4.5 पर्यंत असते. आकडा त्याबाहेर गेला की ठळक अक्षरात येतो, आणि घरी जाईपर्यंत माणसाचा चेहरा उतरतो. ही फिल्म त्या उजवीकडच्या रकान्याबद्दल आहे. तो कुणाच्या रक्तावरून ठरला?

(दृश्य: जुन्या प्रयोगशाळेची कृष्णधवल छायाचित्रं.)

मुळात रक्तातलं हार्मोन मोजणं हेच एके काळी अशक्यप्राय होतं. ते असतं इतकं सूक्ष्म, की ग्रॅमच्या अब्जांशात हिशोब करावा लागतो. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी 1950 च्या दशकात त्याला वाट काढली. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या शरीरात त्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होतात, हे त्यांना दिसलं. त्यांचा तो निबंध आधी नाकारला गेला. ते नकाराचं पत्र यालोबाईंनी जपून ठेवलं आणि 1977 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा व्याख्यानात दाखवलं. हिशोब चुकता करण्याची ही रीत आम्हाला फार आवडली. बर्सन तोवर हयात नव्हते. याच प्रतिपिंडांचा आणि किरणोत्सर्गी खुणेचा वापर करून या दोघांनी हार्मोन मोजायची रेडिओइम्युनोॲसे ही पद्धत घडवली, आणि तिचं पेटंट घेतलं नाही. आज गल्लीतल्या लॅबमध्ये टीएसएच मोजणारं यंत्र किरणोत्सर्गी द्रव्य वापरत नाही, पण त्यातली मूळ युक्ती त्याच घराण्यातली.

मोजता आलं, पण किती म्हणजे बरोबर? त्यासाठी निरोगी माणसं गोळा करतात. जागतिक प्रघात असा की एका गटात निदान 120 जण हवेत. थायरॉईडसाठी त्यातून गलगंड असलेले, घरात थायरॉईडचा आजार असलेले, गरोदर बायका आणि रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं सापडलेले वगळतात. उरलेल्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापायचे, मधले 95 टक्के ते नॉर्मल. म्हणजे पूर्णपणे निरोगी असलेल्या शंभरातले पाच जण या व्याख्येनेच बाहेर पडतात. हे रिपोर्टवर कुठेच लिहिलेलं नसतं.

(दृश्य: दवाखान्याबाहेरचा बाक. फायली मांडीवर घेऊन बसलेल्या बायका.)

"माझं थायरॉईड बॉर्डरवर आलंय." हे वाक्य तुम्ही सोलापुरात नवी पेठेत ऐकाल, रेल्वे लाइन्सच्या दवाखान्यांत ऐकाल, हळदीकुंकवालाही ऐकाल. त्याचा अर्थ बहुधा असा की टीएसएच 5, 6 किंवा 7 आहे आणि टी-4 हे खरं थायरॉईड हार्मोन मात्र ठीक आहे. पिट्युटरी फार चटकन बिचकते. टी-4 निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभर पटींच्या आसपास उसळू शकतं. त्या मापाने पाहिलं तर 4.5 आणि 6 यांतलं अंतर अगदी किरकोळ.

अशा बॉर्डरवाल्यांना गोळी द्यावी का? युरोपात 65 वर्षं आणि त्यापुढच्या 737 जणांवर यासाठी एक चाचणी झाली. त्यांचं टीएसएच 4.6 ते 19.99 च्या दरम्यान होतं. निम्म्यांना लेव्होथायरॉक्झिन ही थायरॉईडची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कुणाला काय मिळतंय ते रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. 2017 मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांचं टीएसएच खाली आलं, पण थकवा आणि थायरॉईडच्या इतर तक्रारींत वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक पडला नव्हता. कागदावरचा आकडा सुधारला, माणसाला काही वाटलं नाही. तरी हा निकाल म्हाताऱ्या माणसांचा आहे. तरुण बाईला, गरोदर बाईला किंवा टीएसएच चाळीस-पन्नासवर गेलेल्याला तो लावायचा नाही, आणि ही फिल्म पाहून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये.

गरोदरपणाची गोष्ट आणखी बोलकी आहे. 2011 मध्ये अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने पहिल्या तीन महिन्यांसाठी टीएसएचची वरची मर्यादा 2.5 सुचवली. पण त्याआधीच, 2008 मध्ये, दिल्लीतल्या निरोगी गरोदर स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पहिल्या तिमाहीची वरची मर्यादा 5 निघाली होती. थेट दुप्पट! बाई तीच, रक्त तेच. एका मापाने ती निरोगी, दुसऱ्या मापाने आजारी. 2017 मध्ये त्याच असोसिएशनने आपली सूचना बदलली: शक्य तिथे आपापल्या भागातल्या लोकांची मर्यादा वापरा, आणि ती नसेल तर 4 च्या आसपास धरा. आता सांगा, ज्या बाईला 2012 मध्ये टीएसएच 3.2 आलं म्हणून नऊ महिने धास्ती होती, तिला हे कुणी कळवलं असेल?

(दृश्य: पुण्याकडे जाणारी रेल्वे. खिडकीतून ज्वारीची शेतं.)

इथल्या माणसांना मोजलं की पुस्तकापेक्षा वेगळं निघतं, याचा मोठा दाखला आपल्या जवळच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. बाळं जन्मली साधारण 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच लहान. पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. आटले होते ते स्नायू. पुढे 2004 मध्ये याज्ञिकांनी आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटोच छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, हुबेहूब सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. काटकुळ्या माणसालाही मधुमेह कसा होतो, या प्रश्नाचा एक धागा त्या फोटोत आहे. वजनकाटा त्याला 'नॉर्मल' म्हणत राहतो आणि इन्सुलिन आतल्या आत हरत असतं.

थोडं गोळ्यांबद्दल, कारण यात गफलती फार होतात. केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या खूप आहेत. केस थायरॉईड कमी पडल्यानेही गळतात, म्हणून तपासणी होते. आणि काही यंत्रांत नेमकं हे बायोटिनच लुडबुड करतं: टीएसएच खोटंच कमी आणि टी-4 खोटंच जास्त दाखवतं. आजार एका दिशेला, रिपोर्ट दुसऱ्या. दुसरी गफलत गरोदर बायकांची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतल्या तर ती नीट शोषली जात नाही. मध्ये चार तास जावे लागतात. ते कुणी सांगितलं नाही तर टीएसएच उतरत नाही आणि डोस उगाच वाढत राहतो.

(दृश्य: सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी मिसळलेला गलका.)

मग सोलापूरचा स्वतःचा रकाना का असू नये? 1963 मध्ये सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे, आज ते शासकीय आहे. रात्रपाळीचे मागवाले आहेत, घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाया आहेत, आणि 120 हा आकडा काही आवाक्याबाहेरचा नाही. अडतं ते दुसरीकडे. मोबदला ठरतो नगावर किंवा मीटरवर. रक्त द्यायला सकाळचे दोन तास गेले, तर त्या दोन तासांची मजुरी बुडते.

"दादा, चहा तेवढा पिऊन आलेय की, चालंल का?"
"मावशी, मग उद्या यावं लागेल."
"उद्या न्हाई जमायचं."

अशा बाईचा आकडा संशोधनात येतच नाही. ज्याला सवड आहे, जो वाचू शकतो, जो दवाखान्याजवळ राहतो, त्याचा येतो, आणि तोच पुढे सगळ्यांचा म्हणून छापला जातो.

यावर नियमांत वाट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी माणसाचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. फक्त रक्कम इतकी मोठी नको की माणूस तिच्या मोहानेच हो म्हणेल. संमतीपत्रक त्याला कळणाऱ्या भाषेत हवं, म्हणजे पूर्व भागात तेलुगूतही. वाचता येत नसेल तर अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा. आणि अभ्यासाला आधी नीतिसमितीची मंजुरी लागते. तिच्यात डॉक्टरांखेरीज एक सर्वसामान्य माणूसही बसलेला असतो. त्याने तिथे एक प्रश्न जरूर टाकावा: ज्यांचं रक्त घेणार, त्यांना त्यांचा रिपोर्ट कोण समजावून सांगणार, आणि आजार निघालाच तर अभ्यास संपल्यावर त्यांची गोळी कुठून येणार?