फळीला हलायला जागा द्या

उघड्यावरच्या डेकसाठी, म्हणजे घराबाहेरच्या फळ्यांच्या ओट्यासाठी, लाकडाचा भुगा आणि प्लास्टिक मिसळून केलेली डब्ल्यूपीसीची फळी घ्यावी की निव्वळ पीव्हीसीची, हा आजचा विषय. त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी दुसऱ्या एका गोष्टीबद्दल बोलू द्या. ती कळली नाही, तर कुठलीही फळी घेतलीत तरी पैसे पाण्यात.

समोर बरीच मंडळी बांधकामातली आहेत, म्हणून विचारतो. डब्ल्यूपीसीची ५ मीटर लांब फळी ४० अंशांनी तापली, तर लांबीत किती वाढेल? एक मिलिमीटर... दोन... मागून कुणी 'वीतभर' म्हणालं. तेवढी वाढत असती, तर आपण फळ्या विकत कशाला घेतल्या असत्या, पेरल्याच असत्या! (हशा) उत्तर आहे साधारण १० मिलिमीटर. तेवढीच लाकडी फळी लांबीत जेमतेम १ मिलिमीटर वाढते. लाकूड फुगतं ते रुंदीत, आणि तेही पाणी पिऊन. त्यामुळे टोकं घट्ट भिडवायची आणि फट फक्त रुंदीत ठेवायची, ही सुताराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली सवय इथे घात करते.

माझ्या बहिणीकडे हेच झालं. काम थंडीत झालं. फळ्या गार होत्या, म्हणजे आधीच आखडलेल्या. कारागीर अत्यंत निगुतीचा माणूस. सांधा दिसू नये म्हणून त्याने प्रत्येक टोक भिंतीला असं भिडवलं की मधे कागद जाणार नाही. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. उन्हाळा लागला आणि डेकच्या मधोमध फुगवटे आले, फळ्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा सुटल्या, बाहेर उघडणारं दार फळीला अडायला लागलं. फळ्या बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं की २५ वर्षांची हमी रंग उडणं, डाग पडणं आणि कुजणं यांसाठी आहे, बसवणुकीतल्या दोषाला ती लागू नाही. पुरावा म्हणून पुस्तिकेच्या शेवटच्या पानांचा फोटो. तिथे बारीक अक्षरात तक्ता होता: काम करताना हवा किती गार, त्यानुसार टोकाशी फट किती. गार दिवशी जास्त, तापलेल्या दिवशी कमी.

मला याचा राग येतो आणि तो मी इथे मुद्दाम मांडतो आहे. हा तक्ता प्रत्येक गठ्ठ्याच्या वेष्टनावर ठळक छापायला काय हरकत आहे? पुस्तिका जाते घरमालकाच्या कपाटात, आणि करवत असते कारागिराच्या हातात. ज्याला माहिती हवी त्याच्यापर्यंत ती पोचवायची नाही आणि नंतर दोष मात्र त्याच्या माथी मारायचा, हा अन्याय आहे.

फळी तापण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून काचेबद्दलही सांगतो. उष्णता परतवणारा लेप दिलेल्या दुहेरी काचेच्या खिडक्या आता सगळीकडे दिसतात. त्या काचा दोन काचांमधल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातल्या फरकामुळे किंचित आत वाकतात आणि ऊन एका पट्ट्यात एकवटून समोर फेकतात. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. गडद फळी साध्या उन्हातही पाय ठेवता येणार नाही इतकी तापते. त्यात हा परतलेला झोत पडला, की ती वाकलीच म्हणून समजा. डेकची जागा ठरवताना आधी खिडक्या बघा.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. ठीक आहे, भरभर सांगतो.

डब्ल्यूपीसीत साधारण निम्मा लाकडाचा भुगा आणि निम्मं प्लास्टिक, बहुधा पॉलिथिलीन. भुगा २०० अंशांच्या वर करपू लागतो, म्हणून त्याखाली वितळणारंच प्लास्टिक चालतं. पहिल्या पिढीच्या फळ्यांवर कवच नव्हतं. वरचा भुगा पाणी पिऊन फुगायचा, प्लास्टिकला बारीक तडे जायचे, त्यातून आणखी पाणी, मग बुरशी. आता वर पॉलिमरचं कवच असतं. ते चारही बाजूंनी आहे की खालची बाजू उघडी आहे, हे फळी उलटून बघा. दुकानदार सांगेल यावर जाऊ नका.

पीव्हीसीच्या फळीचा गाभा फेसाळ असतो, भुगा नसतो. ती पाणी जवळजवळ पीत नाही, कुजत नाही, उचलायला हलकी. पण धुळीवर आणि परागकणांवर बुरशीचे डाग तिच्यावरही पडतात, ती धुवावी लागतेच. तापल्यावर ती बहुतेक डब्ल्यूपीसीपेक्षा जास्त वाढते आणि ताठपणात कमी पडते. ताठपणाचा आकडा, जितका मोठा तितकी फळी ताठ: लाकूड साधारण १० गिगापास्कल, डब्ल्यूपीसी २ ते ५, फेसाळ पीव्हीसी त्याहून खाली. सतत भार राहिला तर दोन्हींना कायमचा झोल येतो, म्हणून जड कुंड्या फळ्यांखालच्या आधाराच्या वाशांच्या वर ठेवा. वाशांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ४० सेंटिमीटर, फळ्या तिरप्या असतील तर ३०. कंपनी याहून कमी सांगत असेल, तर तिचं ऐका.

माझं मत विचाराल तर जमिनीलगत, सतत ओल असलेल्या जागी आणि पोहण्याच्या तलावाकाठी पीव्हीसी. लांब पल्ले आणि कडक ऊन असेल तिथे चारही बाजूंनी कवच असलेली, फिकट रंगाची, भरीव डब्ल्यूपीसी.

शेवटचं, आणि हे खरं तर अर्धा तास मागतं. खालचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडाचाच असतो आणि वरच्या फळीच्या आधी तो कुजतो. तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड साधे जस्ती स्क्रू खातं, तिथे स्टेनलेस स्टील वापरा. वाशांच्या माथ्यावर ब्यूटाइल रबराची चिकटपट्टी लावा, म्हणजे स्क्रूच्या भोकांतून पाणी आत मुरणार नाही. पट्टी फळ्या बसवण्याआधी लावायची. नंतर लावायची म्हटलं, तर सगळा डेक उकलावा लागतो.