रक्तावर चिखल

(दृश्य: बाहीवरची कापडी पट्टी, अगदी जवळून)

वर तपकिरी, खाली तांबडा. ऑस्ट्रेलियाच्या 39 व्या बटालियनच्या या पट्टीला 'रक्तावर चिखल' म्हणतात. रंग पहिल्या महायुद्धापासूनचे. 1942 साली, दुसऱ्या महायुद्धात, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी बेटावरच्या पापुआच्या डोंगरात, ते अक्षरशः खरे झाले.

ही पलटण मिलिशियाची, म्हणजे नागरी सैन्याची. आपल्याकडच्या प्रादेशिक सेनेसारखंच काहीसं: एरवी आपापला कामधंदा, ठरल्या वेळी कवायत आणि शिबिर, आणि वेळ आली की पूर्णवेळ बोलावणं. ऑक्टोबर 1941 मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातल्या वेगवेगळ्या तुकड्यांतून माणसं गोळा करून ती नव्याने उभी राहिली. त्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं होती, सक्तीने भरती झालेलेही होते.

परदेशी लढायला गेलेले सैनिक यांना 'चोको' म्हणून हिणवत. चॉकलेटचे शिपाई, उन्हात वितळणारे. कोणी 'कोआला' म्हणे, कारण कोआलाला देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याच्यावर गोळीही झाडता येत नाही. या टोमण्यामागे कायदा होता. मिलिशियाला ऑस्ट्रेलियाच्या हद्दीबाहेर पाठवायला मनाई होती. पण पापुआ तेव्हा ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यातला मुलूख. म्हणून डिसेंबर 1941 च्या अखेरीस ही पोरं 'अ‍ॅक्विटानिया' जहाजावर चढली आणि 3 जानेवारीला पापुआच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट मोर्स्बीत उतरली.

तिथे पहिले काही महिने हाती बंदुकीपेक्षा फावडंच जास्त. खंदक खणायचे, जहाजं रिकामी करायची, हिवतापाने फणफणायचं.

(दृश्य: ओवेन स्टॅनली डोंगररांग, धुकं, निसरडी पायवाट)

21 जुलै 1942. जपानी सैन्य उत्तर किनाऱ्यावर, गोनाजवळ उतरलं. त्यांना डोंगर ओलांडून पोर्ट मोर्स्बी गाठायचं होतं. मध्ये होती कोकोडाची वाट, सुमारे 96 किलोमीटर. तिचा सर्वात उंच टप्पा 2190 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1646 मीटर. पाऊस, चिखल, जळवा, आणि रसद माणसांच्या खांद्यावर. ती वाहणारे, जखमींना डोलीत घालून खाली आणणारे पापुअन भारवाहक नसते, तर ही वाट एक आठवडाही लढवता आली नसती. त्यांतल्या अनेकांना जबरदस्तीने कामाला लावलं होतं. या पलटणीची गोष्ट सांगताना त्यांना वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

सगळ्यात पुढे होती कॅप्टन सॅम टेम्पलटन यांची बी कंपनी, शंभरेक माणसं. अंगावर खाकी गणवेश, जो हिरव्या रानात लांबून दिसे, आणि हाती पहिल्या महायुद्धातल्या लुईस मशीनगन. 26 जुलैला ओइवी इथे वेढा पडू लागला. मागून येणाऱ्या कुमकेला सावध करायला टेम्पलटन एकटेच वाटेने निघाले. ते परत आले नाहीत.

तीन दिवसांनी कोकोडाच्या धावपट्टीपाशी ऐंशीच्या आसपास माणसं उभी होती. रात्रीच्या हल्ल्यात त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल विल्यम ओवेन पुढच्या फळीत डोक्याला गोळी लागून पडले.

16 ऑगस्टला नवे कमांडर राल्फ हॉनर याच वाटेवरच्या इसुरावाला पोचले. समोर उपाशी, तापाने खंगलेली, भिजलेली पोरं. दहाच दिवसांत जपानी जनरल होरी यांचं सैन्य त्यांच्यावर तुटून पडलं.

इथे थोडं थांबू या.

आजारी आणि जखमी असलेल्या तीस जणांना मागे पाठवलं होतं. वाटेत त्यांच्या कानावर आलं की पलटण अडचणीत आहे. तिसांतले सत्तावीस उलट फिरले आणि पुन्हा लढाईत आले. जे तिघे आले नाहीत, त्यांच्यातल्या एकाचा पाय तुटला होता, एकाच्या घशात गोळी होती, एकाचा हात कोपरापुढे उडाला होता. हॉनर यांनीच हे सांगून ठेवलं आहे. 'उन्हात वितळणारे' हा शब्द यानंतर कोणाच्या तोंडी शोभला नसता.

(दृश्य: मेनारी गाव, काळं-पांढरं चित्रीकरण)

इसुरावा अखेर सोडावं लागलं, पण मदतीला येणाऱ्या, परदेशी लढून आलेल्या पलटणींना हवा तो वेळ मिळाला होता. छायाचित्रकार डेमियन पॅरर याच वाटेवर होते. त्यांच्या चित्रणातून तयार झालेल्या वार्तापटाला पुढे ऑस्कर मिळालं, ऑस्ट्रेलियाचं पहिलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला मेनारीत हॉनर आपल्या उरल्यासुरल्या माणसांशी बोलत उभे आहेत, ते दृश्यही पॅरर यांनीच टिपलं.

डिसेंबरमध्ये पलटण पुन्हा आघाडीवर, या वेळी गोनाला. 9 तारखेला हॉनर यांचा संदेश गेला तो दोनच शब्दांचा: गोना पडलं. त्यानंतर सानानंदाची लढाई. जानेवारी 1943 मध्ये आघाडी सोडताना पलटणीत उभे राहू शकणारे उरले 32.

फेब्रुवारीत कायदा बदलला. मिलिशियाला हद्दीबाहेरही, नैऋत्य पॅसिफिकच्या ठरावीक भागात, पाठवण्याची मुभा मिळाली. आणि 3 जुलै 1943 रोजी 39 वी बटालियन बरखास्त झाली. उरलेली माणसं दुसऱ्या पलटणींत वाटली गेली. सैन्याच्या फेररचनेचा तो भाग होता, हे समजतं. तरी ती तारीख वाचताना गलबलून येतं.

(दृश्य: बोमाना युद्धस्मशान, पोर्ट मोर्स्बीजवळ)

ओवेन यांची कबर इथे आहे. टेम्पलटन यांचा देह सापडला नाही. वर डोंगरात, इओरा ओढा जिथे ओलांडतात, त्या जागेला टेम्पलटन्स क्रॉसिंग म्हणतात.